‘ढ’ कितवा?

आपल्या जिल्ह्याचे नाव दोन तऱ्हांनी लिहिले जाते. कुणी बुलढाणा लिहितो, कुणी बुलडाणा. १९१० सालच्या इंग्रजी गॅझेटियरवर तर त्यात ‘एच’ हे अक्षरच नाही. मूळ नाव भिलठाणा, म्हणजे भिल्लांचे ठाणे, अशी व्युत्पत्ती आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणजे ठ, ढ आणि ड यांचा हा घोळ जुनाच. माणसांचे त्यावाचून काही अडत नाही. पोस्टमन दोन्ही नावांची पत्रे आणून देतो, एस.टी.चा कंडक्टर दोन्ही उच्चारांना तिकीट देतो. अडते ते संगणकाचे. ‘बुलडाणा’ या शब्दात ‘ढ’ कितव्या जागी आहे असे त्याला विचारले, की तो ‘शून्य’ म्हणून मोकळा होतो.

आता तुम्ही म्हणाल, मास्तरांना या वयात हे काय सुचले? विषय जरा रुक्ष आहे खरा. पण मंडळी, या शून्यापायी एका घरातला दाखला अडलेला मी पाहिला आहे, म्हणून लिहितो.

माझा पुतण्या पुण्यात डेटाबेसचे काम करतो. डेटाबेस म्हणजे आपल्या शाळेतल्या जनरल रजिस्टरसारखे, रकाने आखलेले भले मोठे खाते. १९७० साली आयबीएम कंपनीतल्या एडगर कॉड यांनी अशा खात्यांचा सिद्धान्त मांडला. १९७४ मध्ये त्याच कंपनीतल्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्याला प्रश्न विचारायची भाषा मांडली. आज तिला एसक्यूएल म्हणतात. मोठ्या मजकुरात एखादा छोटा तुकडा कितव्या जागी सुरू होतो, हा या भाषेत रोज विचारला जाणारा प्रश्न. प्रश्न मात्र तिच्याहूनही जुना. १९६० च्या दशकातल्या पीएल/वन भाषेत त्यासाठी ‘इंडेक्स’ नावाची सोय होती. पुढे ओरॅकलने तिला ‘इन्स्टर’ म्हटले, मायक्रोसॉफ्टने ‘चारइंडेक्स’, आणि १९९२ च्या प्रमाण एसक्यूएलने ‘पोझिशन’. गंमत अशी की ओरॅकलला आधी मजकूर द्यायचा आणि मग तुकडा, मायक्रोसॉफ्टला आधी तुकडा आणि मग मजकूर. मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसात तर दोन्ही रीती आहेत, नावे फक्त वेगळी. ऱ्हस्व-दीर्घावरून हमरीतुमरीवर येणारे विद्वान आम्ही पाहिले आहेत, त्यामुळे याचे मला नवल वाटले नाही.

मला आवडले ते हे, की ही मोजणी १ पासून सुरू होते. सी किंवा जावासारख्या भाषांत पहिल्या अक्षराचा क्रमांक शून्य! कुठल्या मास्तराला ते रुचेल? एसक्यूएलमध्ये पहिले अक्षर पहिलेच. आणि शून्य म्हणजे ‘सापडले नाही’.

पुतण्याकडून मी जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांवर हा प्रयोग करून घेतला. ‘गाव’ कुठे आहे? शेगावात ३, जळगाव जामोदात ३, खामगावात ४, देऊळगाव राजात ५. उरलेल्या नऊ तालुक्यांत शून्य. ‘पूर’ विचारले तर मलकापुरात ५ आणि संग्रामपुरात चक्क ८. इथे मी थबकलो. संग्रामपूर या शब्दात अक्षरेच मुळी पाच आहेत, मग पू आठवा कसा? त्याची हकिकत पुढे सांगतो. आधी थोडे मागे जाऊ.

संगणक नव्हता तेव्हा हेच काम माणसे करीत होती. आपल्या पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि ती १९६६ मध्ये पुरी केली. संहितेत एकोणनव्वद हजारांवर श्लोक. पण एखादा चरण आठवतो आणि तो कुठल्या पर्वात आहे ते आठवत नाही, अशा अभ्यासकाने काय करायचे? म्हणून प. ल. वैद्यांच्या संपादनाखाली प्रतीकसूची निघाली. श्लोकाचा प्रत्येक चरण अकारविल्हे लावायचा आणि त्यापुढे पर्व, अध्याय, श्लोक लिहायचे. प्रत्येक श्लोकाचे चार चरण धरले तरी साडेतीन लाखांवर नोंदी झाल्या. हे काम डोळ्यांनी आणि हातांनी करणाऱ्यांपुढे मी आजही हात जोडतो.

तरी त्या सूचीला एक मर्यादा होती. चरण सुरुवातीपासून आठवत असेल तरच तो सापडणार. मधलाच शब्द आठवत असेल तर सूची मुकी. मोल्सवर्थच्या कोशाचेही तेच. ‘सिंद’पासून सुरू होणारे शब्द एका मिनिटात काढता येतात, पण ज्यांच्या पोटात कुठेतरी ‘खेड’ आहे असे शब्द हवे असतील तर अख्खा कोश वाचावा लागतो. संगणकही तेव्हा अख्खा मजकूर वाचतोच, फक्त तो दमत नाही. १९७७ साली बॉयर आणि मूर यांनी त्यातही एक युक्ती काढली. तुकडा शेवटच्या अक्षराकडून ताडून बघायचा. ते अक्षर तुकड्यात कुठेच नसेल तर तुकड्याच्या लांबीएवढी उडी मारून पुढे जायचे. पुढे क्योटोच्या तोकुनागा यांनी सबंध महाभारत संगणकावर उतरवले, केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ते तपासून सुधारले, आणि मधला शब्दही सापडू लागला. पण ते रोमन अक्षरांत होते, हे लक्षात घ्या.

देवनागरीचे दुखणे निराळे. आपल्याकडे १९९० च्या दशकात मराठी टंकन आले ते फाँटांच्या वाटेने. पडद्यावर मराठी दिसायचे, आत मात्र अक्षरांचे सुटे भाग दिसतील त्या क्रमाने साठवलेले असायचे. ‘चिखली’ लिहिले की आत आधी वेलांटी आणि मग च! शिवाय प्रत्येक कंपनीचे कोष्टक वेगळे. एका फाँटात लिहिलेले गाव दुसऱ्यात शोधले तर शून्यच येणार. १९९१ साली भारतीय मानकाने इस्की ही संकेतपद्धती ठरवली, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि उच्चाराच्या क्रमाने आधी च आणि मग वेलांटी हे ठरून गेले. कचेऱ्यांतून मात्र फाँटांची सद्दी पुढे बरीच वर्षे चालली.

युनिकोडमध्ये मात्रा, अनुस्वार, हलन्त यांना प्रत्येकी स्वतंत्र जागा असते. म्हणून ‘संग्रामपूर’ आपल्याला पाच अक्षरांचे आणि संगणकाला दहांचे. ‘बुलढाणा’ घ्या. पहिलीतला मुलगा म्हणेल बु, ल, ढा, णा, तेव्हा ढा तिसरा. संगणक म्हणेल ब, उकार, ल, ढ, म्हणजे ढ चौथा. आणि २००४ मध्ये मायएसक्यूएलची ४.१ आवृत्ती येईपर्यंत तो डेटाबेस म्हणायचा, ढ दहावा! कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइटांची जागा घेते, आणि तो अक्षरे न मोजता बाइटच मोजायचा. शाळेत असे उत्तर देणाऱ्याला आम्ही काय म्हणत होतो ते शीर्षकातच आहे... असो. त्याच्या हिशेबाने तोही बरोबरच होता.

याहून चकवणारी गोष्ट ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दात आहे. त्यातला अर्धा, पापणीसारखा र दोन प्रकारे टंकता येतो. एकात साधा र, हलन्त आणि न दिसणारी एक जोडखूण. दुसऱ्यात खाली टिंब असलेला र आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण एका पद्धतीने लिहिलेला शेतकरी दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही. आपल्यापैकी जे वीस वर्षांपासून अनुदिनी लिहीत आहेत त्यांनी आपले जुने लेख असे शोधून पाहावेत.

आता त्या दाखल्याचे. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीचे काम सुरू झाले आणि राज्यभर जुन्या कागदांतून एकच शब्द शोधला जाऊ लागला, ‘कुणबी’. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची नोंद लागते. आपल्या भागात अशा नोंदी पुष्कळ. नात्यातल्या एका मुलीला पणजोबांची नोंद हवी होती. ते ज्या शाळेत शिकले तिथल्या जुन्या रजिस्टरांची नक्कल एका तरुणाने निष्ठेने संगणकात उतरवली होती, जसे लिहिले तसे. त्यात शोध घेतला तर पणजोबांच्या नावापुढे काही सापडेना. नोंद नाही असे सांगून तिला परत पाठवले. पोर रडवेली होऊन माझ्याकडे आली.

मला त्या रजिस्टरांची सवय होती. १९५६ पर्यंत आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि कारभारावर हिंदीचे वळण होते. कुणी हेडमास्तर ‘कुणबी’ लिहायचे, कुणी ‘कुनबी’, आणि एका वर्षी तर सगळीकडे दीर्घ ‘कू’. पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, “काका, मग मधलं अक्षर सोडूनच देऊ.” त्याने आधी क कितवा ते काढले, त्यापुढे बी कितवा ते काढले आणि दोहोंत तीन-चार जागांपेक्षा जास्त अंतर नको असे सांगितले. शून्याच्या जागी पानभर यादी आली. पणजोबा तिच्यात वरून सातवे होते, ‘कुनबी’ म्हणून.

नुसती यादी चालत नाही, मूळ पानाची साक्षांकित नक्कल लागते. ती शाळेने दिली. हेडमास्तरांनी विचारले, न चा ण करून देऊ का? मी म्हटले, नको, पानावर आहे तसेच राहू द्या.