भाजी कशानं धुवायची? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

तपासणी झाली, गोळ्या लिहून झाल्या, की उठता उठता बरेच जण विचारतात, "डॉक्टर, फवारलेली भाजी मिठानं धुवायची, व्हिनेगरनं की खायच्या सोड्यानं?" याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. यातलं प्रत्येक पाणी वेगळ्या काळात आणि वेगळ्या कारणासाठी आपल्या स्वयंपाकघरात आलं आहे. ते कारण कळलं, तर काय धुतलं जातं आणि काय नाही हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

मिठाचं पाणी सगळ्यांत जुनं. तुमची आजी फुलकोबी त्यात बुडवून ठेवायची ती आतल्या अळ्या बाहेर पडाव्यात म्हणून. पोटॅशियम परमँगनेटचं गुलाबी पाणी आलं जंतूंसाठी. 1890 च्या दशकात अर्नेस्ट हँकिन या शास्त्रज्ञानं पटकीच्या साथीत ते विहिरींत टाकण्याचा प्रसार केला, आणि पुढे कच्च्या भाज्याही त्यात धुतल्या जाऊ लागल्या. फवारणीच्या औषधासाठी मात्र ते वापरू नका. काही फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांवर अशा पदार्थाची क्रिया झाली की मूळ औषधापेक्षा जास्त विषारी घटक तयार होऊ शकतो.

औषधाचे अंश धुऊन काढण्याची पहिली मोठी खटपट झाली ती सफरचंदांवर. अमेरिकेत तेव्हा शिसं आणि आर्सेनिक असलेलं औषध फवारत. 1925 च्या सुमारास इंग्लंडमधल्या अधिकाऱ्यांनी अशा सफरचंदांवर हरकत घेतली, तेव्हा बागायतदार ती पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात धुऊ लागले. आम्लाचा उपयोग झाला, कारण ते औषध सालीवर भुकटीसारखं बसलेलं असे. व्हिनेगर किंवा चिंचेच्या आंबट पाण्यामागचा विचार या जातीचा आहे.

मग औषधंच बदलली. डीडीटीचा कीटकनाशक गुण 1939 मध्ये पॉल म्युलर यांना सापडला आणि 1948 मध्ये त्यांना त्यासाठी वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे 1952 मध्ये कोलकात्याजवळच्या रिश्रा इथे बीएचसीचं उत्पादन सुरू झालं. ही औषधं पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत आणि शरीरातल्या चरबीत साठतात. 1958 मध्ये केरळात, जहाजातून येताना पॅराथिऑन सांडलेल्या पिठामुळे शंभरावर माणसं दगावली, तेव्हा कुठे सरकार हललं. कीटकनाशक कायदा 1968 चा. शेतीतला डीडीटी बंद व्हायला 1989 उजाडलं, बीएचसीला 1997.

खायच्या सोड्याची कीर्ती तर अगदी अलीकडची. 2017 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी सफरचंदावर दोन औषधं लावून पाहिली. लिटरला 10 ग्रॅम सोडा घातलेल्या पाण्यात 12 ते 15 मिनिटांत सालीवरचे अंश निघाले. पण थायाबेंडाझोल या औषधाचा सुमारे 20 टक्के भाग तोवर सालीच्या आत मुरला होता. तो कशानंच निघाला नाही.

या इतिहासातली मुख्य गोष्ट हीच. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसातून पानाफळांत जातात. ती धुऊन जात नाहीत, मग पाणी मिठाचं असो की लिंबाचं. बाजारात मिळणाऱ्या महागड्या भाजीधुव्यांवर पैसे घालवू नका. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याच्या कृषी संशोधन केंद्रानं असे चार धुवे तपासले, ते साध्या पाण्यापेक्षा सरस ठरले नाहीत. वाहत्या पाण्याखाली हातानं चोळून धुणं हा माझ्या मते पहिला उपाय. वेळ असेल तर त्याआधी मिठाच्या (लिटरला 20 ग्रॅम) किंवा सोड्याच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवा. कोबीची वरची पानं काढून टाका, काकडी सोला. साबण मात्र भाजीला लावू नका, तो आत शोषला जातो.

आता भिवापूरकरांसाठी. भौगोलिक मानांकन मिळालेली आपली लाल मिरची धुऊन खाण्याची वस्तूच नाही. ती वाळते, सातऱ्यांवर तिचे देठ खुडले जातात आणि मग ती थेट चक्कीवर जाते. वाळताना पाणी उडतं, औषध बरंचसं तिथेच राहतं. म्हणून ओल्या मिरचीतलं प्रमाण वाळल्यावर सात ते दहा पट धरतात. तिखट आपण चमचाभरच खातो, हे खरं. पण इथे जे काही करायचं ते तोडणीच्या आधीच करावं लागतं. डब्यावरच्या माहितीत फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस ठेवायचे ते छापलेलं असतं. चुरडामुरडा वाढला, भाव चढला, की हेच दिवस आधी कापले जातात. घरच्या पाट्यावर वाटायची मिरची असो की बाजाराची, ते दिवस पाळा. त्या दिवसांत ऊन, पाऊस आणि झाडाची वाढ मिळून जेवढं औषध कमी करतात, तेवढं तुमच्या घमेल्यातलं मिठाचं पाणी करणार नाही.

आणखी एक सांगायचंच आहे. भाजीवरून पोटात जाणारा अंश सूक्ष्म असतो. पाठीवर पंप घेणाऱ्याच्या अंगावर उडतं ते विष थेट असतं. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यांत दाखल झाले. डब्यावरचा त्रिकोण लाल असेल तर औषध सर्वांत विषारी गटातलं. त्याखाली पिवळा, निळा आणि हिरवा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं फवारू नका, हातमोजे, मुखवटा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे वापरा, मध्येच तंबाखू मळू नका. फवारून आलेल्या माणसाला खूप घाम आणि लाळ सुटली, मळमळलं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर कपडे लगेच उतरवा, अंग साबणानं धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन त्याला दवाखान्यात न्या. उलटी करवू नका. डब्यावरचं नाव वाचूनच आम्हाला उतारा ठरवता येतो.