गिधाडाचा उपदेश, कोल्ह्याचं आश्वासन

लहान मुलाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाल्याचं कळलं की भेटायला येणारे आईवडिलांना बहुधा एकच गोष्ट सांगतात. देव परीक्षा बघतोय, भोग भोगूनच संपवायचे असतात, रडू नका, मनापासून श्रद्धा ठेवा, पोर बरं होईल. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. खचलेल्या माणसाला आधार लागतो, आणि यामागे काहीतरी हिशेब आहे असं वाटलं की दुःख जरा सोसवतं, हेही खरं. पण या धीर देण्यात दोन विधानं दडलेली आहेत. आजार हे कुणाच्या तरी कर्माचं फळ आहे, हे एक. श्रद्धा पक्की असेल तर गुण येतोच, आणि नाही आला तर श्रद्धेतच खोट होती, हे दुसरं. दोन्ही शास्त्रसंमत म्हणून सांगितली जातात, तेव्हा शास्त्रातच पाहू.

कर्माच्या बाजूचा भक्कम दाखला महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे. गौतमी नावाच्या वृद्धेचा मुलगा साप चावून मरतो. अर्जुनक नावाचा पारधी सापाला बांधून आणतो आणि विचारतो, याला कसा मारू? साप म्हणतो, मला मृत्यूने पाठवलं. मृत्यू काळाकडे बोट दाखवतो. काळ म्हणतो, मुलाचं कर्मच कारण. गौतमी ते मान्य करते. इथवर सगळे सांगतात. पण ही कथा कोण कुणाला सांगतंय? शरपंजरी पडलेले भीष्म युधिष्ठिराला सांगताहेत, कारण आजोबांची ही दशा आपल्यामुळे झाली या विचाराने तो पोळला आहे. त्याच्या मनावरचं ओझं उतरावं, हा कथेचा हेतू. आणि गौतमी कर्माचं नाव घेते ते सापाला सोडून देण्यासाठी. आईने स्वतःच्या दुःखात, दुसऱ्याला क्षमा करताना उच्चारलेलं ते वाक्य आहे. तेच उचलून वॉर्डाबाहेर बसलेल्या दुसऱ्या आईला ‘तुमचंच मागचं काही असणार’ असं ऐकवणं म्हणजे कथा उलटी वाचणं.

शिवाय इतिहासही या मताच्या आड येतो. 1948 पूर्वी ल्युकेमिया झालेलं मूल काही महिन्यांत जायचं. त्या वर्षी बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन देऊन काही मुलांचा आजार तात्पुरता हटल्याचं प्रसिद्ध केलं. ते औषध येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने घडवलं होतं. भीमावरमला जन्मलेल्या या माणसाला तरुणपणी रामकृष्ण मिशनमध्ये जाऊन संन्यास घ्यायची ओढ होती. आज श्रीमंत देशांत बालकांच्या सर्वांत सामान्य ल्युकेमियातून नव्वद टक्क्यांच्या आसपास मुलं वाचतात. मग 1948 नंतर जन्मलेल्या बालकांचं पूर्वकर्म एकाएकी सुधारलं, असं म्हणायचं का? आणि ज्या देशात औषध पोचत नाही, तिथल्या बालकांचं सुधारायचं राहून गेलं?

दुसऱ्या विधानासाठी शांतिपर्वातला गिधाड-कोल्ह्याचा संवाद वाचावा. एक कुटुंब मेलेलं बाळ घेऊन स्मशानात येतं. गिधाड म्हणतं, मरण कुणाला चुकलंय, घरी जा. कोल्हा म्हणतो, एवढ्यात सोडून जाता, माया नाही का तुम्हाला, थांबा, कदाचित जिवंत होईल. दोघंही ज्ञानी बोलतात आणि दोघंही भुकेलेले आहेत. सूर्य मावळायच्या आत माणसं गेली तर प्रेत गिधाडाचं, अंधार होईपर्यंत थांबली तर कोल्ह्याचं. महाभारतकारांनी वैराग्याचा उपदेश आणि आशेचं आश्वासन, दोन्ही भुकेल्या तोंडी घातली आहेत. शेवटी शंकर प्रकट होऊन बाळाला आयुष्य देतात, पण त्याआधी कुटुंबाच्या श्रद्धेची मोजदाद करत नाहीत. ती माणसं रडत, गोंधळत तिथे थांबलेली असतात, इतकंच.

कोल्ह्याचं आश्वासन आपल्याकडे कसा घात करतं, ते या आजाराच्या उपचारातच दिसतं. पहिल्या महिना-सव्वा महिन्याच्या केमोनंतर बहुतेक मुलांच्या रक्तात आजार दिसेनासा होतो. मूल खेळायला लागतं, डोक्यावर पुढे केस येऊ लागतात. उपचार मात्र दोन-अडीच वर्षं चालायचे असतात, कारण दिसत नसलेल्या पेशी शिल्लक असतात. श्रद्धेचं फळ म्हणजे गुण, असं ज्याने मानलं, त्याच्या लेखी देव इथेच पावलेला असतो. नवस फेडला जातो. त्यात खिसा रिकामा झालेला, गावाकडे शेती आणि दुसरं लेकरू वाट पाहत असलेलं. पुढची तारीख चुकते. मग आजार उलटतो, आणि उलटलेला आजार फार चिवट असतो. उपचार अर्धवट सुटण्यामागे पैसा आणि अंतर ही मोठी कारणं आहेत, हे मान्य. पण ‘पावला’ या समजुतीने त्या सुटण्याला पुण्याचा रंग चढतो, म्हणून ती मला धोक्याची वाटते.

यावर कुणी विचारील, गुणाची हमी नाही, तर श्रद्धा हवी कशाला? याचं उत्तर देहूत आहे. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको रखमाई गेली, लहानगा संतोबा गेला. त्यांनी विठ्ठलाला खडे बोल सुनावले. आपल्यापुरता देव उरला नाही, इथवर एका अभंगात बोलून गेले. तो अभंग गाथेतून कुणी काढला नाही. ज्याच्याशी नातं आहे त्याच्याशीच माणूस भांडतो. तुकोबांचा विश्वास निकालावर टेकलेला नव्हता, म्हणून निकाल विरोधात गेल्यावरही तो बोलत राहिला. मुकाट सोसणं हीच श्रद्धा असती, तर गाथेतला केवढा तरी भाग नास्तिकाचा ठरला असता.

परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास अशा श्रद्धेच्या आया दिसतात. मुलाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे काउंट पडून संसर्गाचा धोका असला की तीर्थ त्याच्या तोंडात न घालता त्याच्या डोळ्यांना लावतात, अंगारा कपाळाला. पाणी उकळून गार करतात. फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत, तारखा पाठ. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना आसरा देते. नवसाला बोकड कापण्याविरुद्ध कीर्तनातून जन्मभर बोललेल्या माणसाचं नाव तिथे असावं, हे मला फार योग्य वाटतं. भेटायला जाणाऱ्याने या आईला परीक्षेचं आणि भोगाचं काही सांगू नये. ती देवावर चिडली तर चिडू द्यावं. प्लेटलेट द्यायला कुणी मिळालं का, एवढं विचारावं आणि आपला रक्तगट सांगावा.