चार जागांचा विभाग : भोपाळ, गोवा आणि महाविद्यालयीन बास्केटबॉल

वास्कोहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस बेळगाव, मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, इटारसी अशी स्थानके घेत दुसऱ्या दिवशी भोपाळला पोहोचते. एका दिवसाहून अधिक काळाचा हा प्रवास आहे. मांडवीकाठचे पणजी आणि बड्या तलावाकाठचे भोपाळ यांच्यात हवा, भाषा, आहार असे फारसे काहीच समान नाही. विद्यापीठीय क्रीडास्पर्धांच्या नकाशावर मात्र ही दोन्ही शहरे एकाच घरात नांदतात. भारतीय विद्यापीठ संघाने, म्हणजे प्रचलित नावाने ‘एआययू’ने, देशातील विद्यापीठांची उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम अशी विभागणी केली असून पश्चिम विभागात महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेश यांच्यासह गोव्याचा समावेश होतो. भोपाळच्या बरकतउल्ला विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ आणि गोवा विद्यापीठाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेपूर्वी एकाच दारात उभे राहतात, आणि त्या दारातून आत जाण्यासाठी जागा असतात अवघ्या चार.

आंतरविद्यापीठ स्पर्धांची ही व्यवस्था जुनी आहे. 1925 मध्ये स्थापन झालेले आंतरविद्यापीठ मंडळ 1973 पासून एआययू या नावाने ओळखले जाऊ लागले. पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये प्रथम चारही विभागांच्या स्वतंत्र स्पर्धा होतात. आरंभीच्या फेऱ्या बाद पद्धतीने, शेवटच्या चार संघांत साखळी, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप असते. प्रत्येक विभागातील पहिले चार संघ अखिल भारतीय आंतरविभागीय स्पर्धेस पात्र ठरतात. चार विभागांचे मिळून सोळा. 2020 मध्ये भुवनेश्वर येथून ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ क्रीडास्पर्धा सुरू झाल्यापासून अखिल भारतीय स्पर्धेतील वरच्या क्रमांकांना आणखी एक पायरी लाभली आहे.

या रचनेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट बहुधा दुर्लक्षित राहते. भारतात राष्ट्रीय स्पर्धेत महाविद्यालय उतरतच नाही. उतरते ते विद्यापीठ. भोपाळमधील किंवा विदिशा, सीहोर, रायसेन यांपैकी एखाद्या जिल्ह्यातील लहानशा महाविद्यालयाने विद्यापीठांतर्गत स्पर्धा जिंकली, तरी त्या संघाचा प्रवास तेथेच संपतो. त्या स्पर्धेतून आणि निवड चाचणीतून बारा खेळाडूंचा विद्यापीठ संघ निवडला जातो. विजेत्या महाविद्यालयाचे तीन-चार खेळाडू त्यात असतील, कदाचित दोनच असतील. वर्षभर एकमेकांच्या हालचाली ओळखणारा संघ मोडतो आणि निरनिराळ्या महाविद्यालयांतील, निरनिराळ्या प्रशिक्षकांच्या हाताखाली वाढलेली मुले अल्पकाळाच्या शिबिरात एकत्र येतात. बास्केटबॉलसारख्या खेळात याची किंमत मोठी असते. धावणारा किंवा पोहणारा खेळाडू एकट्याच्या बळावर पदक मिळवू शकतो. परंतु चेंडू कोणाकडे जाणार आणि पडदा कोण धरणार हे न बोलता समजण्यासाठी लागणारा सराव काही दिवसांच्या शिबिरात भरून निघत नाही.

मध्य प्रदेशातच याचे दुसरे टोक पाहावयास मिळते. ग्वाल्हेर येथे 1857 च्या स्वातंत्र्यसमराच्या शताब्दीनिमित्त 1957 मध्ये लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय स्थापन झाले. 1995 मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आकाराने ही एकच संस्था. तिच्या छायेत शेकडो महाविद्यालये नाहीत. तरीही दर्जा विद्यापीठाचा असल्याने तिचा संघ स्वतःच्या नावाने थेट पश्चिम विभागात उतरतो. खेळाडू एकाच आवारात राहतात, एकाच मैदानावर घाम गाळतात, आणि खेळ हाच त्यांचा अभ्यासविषय असतो. अलीकडच्या काळात शिष्यवृत्ती देऊन खेळाडू गोळा करणाऱ्या एका आवाराच्या खासगी विद्यापीठांनाही हाच लाभ मिळतो. संलग्न महाविद्यालयांच्या विद्यापीठांची स्थिती निराळी असते. मुंबई विद्यापीठाशी सातशेहून अधिक महाविद्यालये संलग्न आहेत. गोवा विद्यापीठाशी शंभरही नाहीत. मुंबईला बारा खेळाडू निवडण्यासाठी अथांग साठा आहे, ग्वाल्हेरच्या संस्थेला एकसंधपणा आहे. गोवा आणि भोपाळ यांच्या वाट्याला या दोहोंपैकी कोणतीच गोष्ट पुरेशी येत नाही.

विद्यापीठाच्या सीमा बदलल्या की खेळाडूचा गणवेशही बदलतो, हा या व्यवस्थेचा आणखी एक परिणाम. भोपाळ विद्यापीठाची स्थापना 1970 ची. त्यापूर्वी तेथील महाविद्यालये उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाशी संलग्न होती. 1988 मध्ये भोपाळचे सुपुत्र, 1915 मध्ये काबूल येथे स्थापन झालेल्या हंगामी भारत सरकारचे पंतप्रधान मौलाना बरकतउल्ला यांचे नाव विद्यापीठाला देण्यात आले. पुढे मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेला बैतूल जिल्हा छिंदवाड्याच्या नव्या विद्यापीठाकडे गेला, आणि मुलताईच्या परिसरातील मुलांसाठी भोपाळच्या संघाचे दार बंद झाले. गोव्यानेही हा अनुभव घेतला आहे. मुक्तीनंतर येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी जोडली गेली. गोवा विद्यापीठाचा कारभार सुरू झाला 1985 मध्ये. तोपर्यंत गोमंतकीय खेळाडूला आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळायची तर मुंबईच्या संघात स्थान मिळवावे लागे. स्वतंत्र विद्यापीठामुळे बारा जागा गोव्याच्या झाल्या, ही मोठीच प्राप्ती. मात्र त्याच दिवसापासून कालची मातृसंस्था मुंबई ही समोरची प्रतिस्पर्धी झाली.

चार जागांचा हा प्रश्न केवळ चषकाचा असता तर त्याचा एवढा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. केंद्र शासनाच्या कार्मिक विभागाने 4 ऑगस्ट 1980 रोजी काढलेल्या आदेशानुसार गुणवंत खेळाडूंना ‘क’ गटातील काही पदांवर थेट नेमणूक देता येते, आणि त्या खेळांच्या यादीत बास्केटबॉल आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेला खेळाडू या तरतुदीस पात्र ठरतो. पसंतीक्रमात मात्र पदक किंवा तिसऱ्या क्रमांकापर्यंतचे स्थान मिळवणारे पुढे असतात. केवळ सहभागी झालेले रांगेच्या शेवटी. रेल्वे, पोलीस, टपाल, आयकर, सीमाशुल्क अशा खात्यांचे संघ भारतीय बास्केटबॉलचा कणा राहिले आहेत. अशा संघात जाण्याची आस धरणाऱ्या विदिशाच्या किंवा सांगेच्या मुलाच्या दृष्टीने विद्यापीठाच्या शिक्क्याचे प्रमाणपत्र हे भिंतीवर टांगण्याचे शोभाचित्र नसते. पहिल्याच बाद सामन्यात हरून परतणाऱ्याकडेही प्रमाणपत्र असते, पण त्याचे वजन कमी भरते.

लहान संस्थांना राष्ट्रीय स्पर्धेत स्थान कसे द्यावे, याचे निराळे उत्तर हा खेळ जेथे जन्मला त्या अमेरिकेत सापडते. डिसेंबर 1891 मध्ये स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ रचला. भारतात तो आला तोही वायएमसीएच्याच मार्गाने. आपल्याकडे पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1934 मध्ये दिल्लीत झाली. तिकडे लहान महाविद्यालयांसाठी 1937 मध्ये कॅन्सस सिटी येथे स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली आणि तिच्या उभारणीत स्वतः नेस्मिथ यांचा सहभाग होता. मोठ्या महाविद्यालयांची, आज एनसीएए या नावाने जगभर पाहिली जाणारी स्पर्धा त्यानंतर दोन वर्षांनी, 1939 मध्ये, आठ संघांनिशी सुरू झाली. आज तिच्या पुरुष गटाच्या पहिल्या श्रेणीत 68 संघ असतात.

त्या रचनेचा पाया म्हणजे ‘कॉन्फरन्स’. साधारण समान आकाराच्या आठ-दहा किंवा अधिक महाविद्यालयांचा तो कायमचा गट असतो. गटातील संघ संपूर्ण हिवाळाभर एकमेकांच्या मैदानावर जाऊन खेळतात. गटाच्या विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो, मग तो गट कितीही दुबळा मानला जात असो. मुद्दा असा की तेथे महाविद्यालय स्वतःच्या नावाने, स्वतःच्या न मोडलेल्या संघासह राष्ट्रीय मैदानावर उतरते. 2022 मध्ये जर्सी सिटीच्या सेंट पीटर्स या छोट्या संस्थेने केंटकी, मरे स्टेट आणि पर्ड्यू यांना हरवून अंतिम आठांत धडक मारली. पंधरावे मानांकन मिळालेला कोणताही संघ तोवर तेथे पोहोचला नव्हता. पुढच्या वर्षी फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला 63-58 असे नमवले. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्या मानांकिताने अव्वल मानांकिताला हरवण्याची ती दुसरीच वेळ. गंमत अशी की फेअरली डिकिन्सन आपल्या गटाच्या अंतिम सामन्यात एका गुणाने हरला होता. विजेता मेरिमॅक खालच्या श्रेणीतून नुकताच वर आल्याने नियमानुसार अपात्र ठरला आणि जागा उपविजेत्याला मिळाली.

अशा विजयांची आर्थिक बाजूही गटाशी जोडलेली आहे. पहिल्या श्रेणीत एखादा संघ स्पर्धेत जितके सामने खेळतो, त्या प्रमाणात त्याच्या कॉन्फरन्सला उत्पन्नाचा वाटा मिळतो आणि तो सहा वर्षांत विभागून दिला जातो. एकाच्या यशात सर्वांचा प्रत्यक्ष हिस्सा असल्याने शेजारी बलवान व्हावा असे वाटण्यास तेथे व्यवहारी कारण असते. आपल्या पश्चिम विभागात पुणे विद्यापीठ अखिल भारतीय विजेते झाले, तरी त्यातून भोपाळला किंवा गोव्याला पुढील वर्षी एक जागाही वाढून मिळत नाही.

तथापि पैसा हेच यशाचे मूळ नसल्याचे सिद्ध करणारे उदाहरणही तिकडचेच आहे, आणि लहान राज्यातील वाचकाने अधिक लक्ष द्यावे ते त्याकडे. अमेरिकेतील तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. या श्रेणीची पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा 1975 पासून होते. विस्कॉन्सिन या एकाच राज्यातील सरकारी विद्यापीठाच्या शाखांच्या कॉन्फरन्सने 1984 ते 2019 या काळात तिची तेरा विजेतेपदे मिळवली. व्हाइटवॉटर, प्लॅटव्हिल आणि स्टीव्हन्स पॉइंट यांनी प्रत्येकी चार, तर ऑशकोशने एक. ही सारी मध्यम आकाराची गावे. तेथील खेळाडूही बहुतांशी त्याच राज्यातील शाळांमधून आलेले. प्लॅटव्हिलला चारही विजेतेपदे मिळवून देणारे प्रशिक्षक बो रायन पुढे राज्याच्या मुख्य विद्यापीठात, मॅडिसनला गेले आणि 2015 मध्ये त्यांचा संघ पहिल्या श्रेणीचा अंतिम सामना खेळला. त्याआधी, 1985 मध्ये, स्टीव्हन्स पॉइंटचा टेरी पोर्टर हा एनबीएच्या निवडीत पहिल्याच फेरीत चोविसावा निवडला गेला.

या गटाच्या यशाचे गमक दैनंदिन झुंजीत आहे. प्रत्येक संघ गटातील प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी हंगामात दोनदा खेळतो, एकदा घरी आणि एकदा दारी. जानेवारीत झालेली चूक फेब्रुवारीत त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर दुरुस्त करावी लागते. राष्ट्रीय स्पर्धेतील पहिला सामना येईपर्यंत संघाने तितक्याच तोलाच्या अनेक लढती दिलेल्या असतात. आपल्या विभागीय स्पर्धेत मात्र पाच राज्यांतील संघ एका शहरात काही दिवसांसाठी जमतात आणि बहुसंख्य संघांचा हंगाम एक-दोन सामन्यांत आटोपतो. हरलेल्या संघाला चूक दुरुस्त करण्याची संधी थेट पुढल्या वर्षी मिळते, आणि तोवर त्यातील निम्मे खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडलेले असतात. एआययूच्या विभागाला अमेरिकी कॉन्फरन्सचा भारतीय अवतार म्हणणे म्हणूनच चुकीचे ठरेल. विभाग ही चाळणी आहे, कॉन्फरन्स ही तालीम.

भोपाळचे क्रीडाविश्व या तुलनेत कोठे बसते, हेही पाहण्यासारखे आहे. हे शहर मुळात हॉकीचे. ओबैदुल्ला खान सुवर्णचषक ही त्याची जुनी ओळख. राज्य शासनाच्या अकादम्यांमुळे नेमबाजी, जलक्रीडा, घोडेस्वारी यांना नवे बळ मिळाले. 30 जानेवारी ते 11 फेब्रुवारी 2023 या काळात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांचे उद्घाटन भोपाळच्या तात्या टोपे नगर क्रीडागारात झाले. महाराष्ट्राने 56 सुवर्णांसह अव्वल स्थान घेतले, तर यजमान मध्य प्रदेश 39 सुवर्णांसह तिसरा आला. बास्केटबॉलचे सामने मात्र भोपाळला नव्हे, इंदूरला झाले, कारण या राज्यात बास्केटबॉलची परंपरा इंदूरकडे झुकलेली आहे. गोव्यातही 2023 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने उत्तम आच्छादित मैदाने उपलब्ध झाली. सुविधांचा प्रश्न दोन्हीकडे पूर्वीइतका बिकट राहिलेला नाही.

उणीव आहे ती सामन्यांची. विभागीय स्पर्धेची रचना बदलणे एखाद्या विद्यापीठाच्या हातात नाही. परंतु शेजारच्या विद्यापीठांशी करार करून हिवाळी साखळी खेळण्यास कोणताही नियम आड येत नाही. गोव्याला कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ एका रात्रीच्या प्रवासावर आहे, बेळगाव आणि धारवाड त्याहून जवळ. ती दक्षिण विभागात मोडतात, पण मैत्रीपूर्ण साखळीला विभागाची सीमा लागू होत नाही. भोपाळला इंदूर आणि उज्जैन काही तासांवर आहेत. महाविद्यालयीन संघ न मोडता अशी घरी-दारी साखळी खेळवायची आणि तिच्यातूनच विद्यापीठाचे बारा जण निवडायचे, हा मार्ग खर्चाच्या दृष्टीने बसभाड्यापलीकडे फारसा जात नाही. पश्चिम विभागाचे सामने सहसा हिवाळ्यातच होतात. साखळी त्याआधी पार पाडायची तर महाविद्यालयांना आपले क्रीडा वेळापत्रक पहिल्या सत्राच्या आरंभीच, पावसाळा ओसरण्यापूर्वी, निश्चित करावे लागेल.