बारा मैलांपलीकडचा समुद्र कोणाचा?

केंद्र आणि राज्य यांच्यातील अधिकारांची वाटणी म्हटली, की करांचा वाटा किंवा राज्यपालांची भूमिका हे विषय डोळ्यांसमोर येतात. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र हा प्रश्न समुद्रातही उभा राहतो. मिरकरवाडा, हर्णै किंवा साखरीनाटे येथून निघालेली नौका बारा सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, ओलांडते तेव्हा ती राज्याच्या अधिकारक्षेत्रातून केंद्राच्या अधिकारक्षेत्रात जाते.

घटनेतील वाटणी

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील विषय आहे (नोंद २१). प्रादेशिक जलक्षेत्रापलीकडील मासेमारी मात्र केंद्रसूचीत येते (नोंद ५७). ही हद्द १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने निश्चित केली. आधाररेषेपासून बारा सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक जलक्षेत्र आणि तेथून दोनशे मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र, अशी ही रचना आहे.

पुढे १९८१ मध्ये दोन कायदे झाले. महाराष्ट्राने आपल्या जलक्षेत्रासाठी सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला. केंद्राने परदेशी नौकांच्या मासेमारीवर नियंत्रण आणणारा कायदा केला. बारा मैलांपलीकडे मासेमारी करणाऱ्या भारतीय नौकांसाठी मात्र सर्वंकष केंद्रीय कायदा झाला नाही. तेथील कारभार अनेक वर्षे आदेश आणि मार्गदर्शक सूचनांवर चालला.

वादाचे मूळ

या पोकळीची झळ पारंपरिक मच्छीमारांना बसली. पर्ससीन जाळे माशांच्या थव्याभोवती टाकून, बटव्याची नाडी ओढावी तसे खालून आवळले जाते. बांगडा, तारली यांचे थवेच्या थवे त्यात सापडतात. एलईडी दिव्यांच्या साह्याने होणाऱ्या मासेमारीत रात्री प्रखर प्रकाश टाकून मासे एकत्र आणले जातात. किनाऱ्यालगत छोट्या होड्यांनी मासेमारी करणाऱ्यांच्या वाट्याला मग काय उरणार, हा त्यांचा प्रश्न आहे.

राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले व तिचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढा मर्यादित केला. केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ रोजी अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी मासेमारीस बंदी केली. २०२१ मध्ये राज्याने आपल्या कायद्यात दुरुस्ती करून दंडाची रक्कम लाखांच्या घरात नेली. तरीही पर्ससीन नौकेवर कारवाई करताना एक अडचण राहतेच : मासे बारा मैलांच्या आत पकडले की बाहेर, हे सिद्ध कसे करायचे?

न्यायालय आणि नवे नियम

असाच वाद तामिळनाडूतून सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या राज्याने २०२२ मध्ये पर्ससीनवर बंदी घातली होती. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशाद्वारे बारा मैलांपलीकडे, आठवड्यातून दोन दिवस, ठरावीक वेळेत आणि नौकेचा माग ठेवणारी यंत्रणा बसविण्याच्या अटीवर या मासेमारीस मुभा दिली. त्यामुळे राज्याच्या बंदीला समुद्रात हद्द आहे, हा मुद्दा ठळक झाला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रासाठी नियम अधिसूचित केले. त्यानुसार यांत्रिक नौकांना तेथे मासेमारीसाठी प्रवेशपत्र आवश्यक असून, छोट्या पारंपरिक नौकांना त्यातून सूट आहे. एलईडी मासेमारीवरील बंदीही नियमांत समाविष्ट झाली. बऱ्याच काळाची पोकळी त्यामुळे काही अंशी भरली गेली.

बंदर हाच दुवा

अंमलबजावणीचा प्रश्न तरीही शिल्लक राहतो. दूरच्या समुद्रात गस्त घालणारे तटरक्षक दल केंद्राचे. मत्स्यव्यवसाय विभाग आणि सागरी पोलीस राज्याचे. मासे हद्द पाळत नाहीत आणि जाळे टाकणाऱ्यालाही ती रेषा पाण्यावर दिसत नाही. पण मासळी कोठेही पकडली, तरी नौकेला अखेर बंदरातच यावे लागते. केंद्राचे प्रवेशपत्र, राज्याचा परवाना, नौकेच्या प्रवासाची नोंद आणि उतरविलेली मासळी यांची तपासणी तेथे एकत्र होऊ शकते. ती होत नाही तोवर, आपले गाऱ्हाणे मुंबईत मांडायचे की दिल्लीत, हा प्रश्न रत्नागिरीच्या मच्छीमाराला पडतच राहणार.