वेबसाईटवरची मराठी अक्षरे का फुटतात, उशिरा का दिसतात? वेब फॉन्टची तपासणी आणि दुरुस्ती

शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, जात पडताळणीसाठी लागणारी कागदपत्रे, धम्म परिषदेची वेळ, अभ्यासिकेतील प्रवेश अशी माहिती आता आपली विहारे, वाचनालये आणि युवक मंडळे स्वतःच्या वेबसाईटवर टाकतात. वाचणारा तरुण ती बहुधा मोबाइलवर उघडतो. फोटो दिसतो, पण मजकुराच्या जागी कोरी जागा राहते, नाहीतर चौकोन दिसतात. तो दोन-चार सेकंद वाट पाहतो आणि पान बंद करतो. आपल्या लेखी माहिती प्रसिद्ध झालेली असते, पण ज्याला ती हवी होती त्याच्या हाती काहीच पडत नाही.

यामागे अनेकदा वेब फॉन्टची गडबड असते. ती शोधायला संगणक अभियंता असण्याची गरज नाही. वेबसाईट सांभाळणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला उपयोगी पडेल अशा क्रमाने आम्ही ही माहिती येथे देत आहोत.

वेब फॉन्ट म्हणजे काय?

फोन किंवा संगणकात काही फॉन्ट आधीपासून असतात. अँड्रॉइडमध्ये साधारणपणे नोटो सान्स देवनागरी असतो, विंडोज ८ पासून निर्मला यूआय आहे, तर ॲपलच्या उपकरणांत कोहिनूर देवनागरी. याव्यतिरिक्त वेगळा फॉन्ट हवा असेल तर त्याची फाईल सर्व्हरवर ठेवावी लागते. पान उघडताना ब्राउझर ती उतरवून घेतो. हाच वेब फॉन्ट. ती फाईल कोठे आहे, हे वेबसाईटच्या सीएसएस फाईलमधील 'फॉन्ट-फेस' या नियमात लिहिलेले असते.

म्हणजे वाचकाला अक्षर दिसण्यापूर्वी तीन गोष्टी घडाव्या लागतात. फाईल सापडली पाहिजे, ती पूर्ण उतरली पाहिजे आणि आपल्या मजकुरातील प्रत्येक अक्षर तिच्यात असले पाहिजे. बहुतेक बिघाड या तीनपैकी एका ठिकाणी होतो.

आधी लक्षण ओळखा

संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये पान उघडा आणि एफ१२ कळ दाबा. 'नेटवर्क' विभागात 'फॉन्ट' निवडून पान पुन्हा लोड करा. आता कोणत्या फॉन्ट फाईल मागवल्या गेल्या, त्यांचा आकार किती आणि त्या आल्या की नाही, हे एका यादीत दिसेल.

- यादीत फाईल लाल रंगात असेल किंवा ४०४ दिसत असेल, तर फाईल सापडत नाही.
- फाईल व्यवस्थित आली, पण काही अक्षरे चौकोनी किंवा तुटलेली दिसतात, तर दोष फॉन्टमध्ये आहे.
- सगळे ठीक दिसते, पण मजकूर उशिरा येतो, तर फाईलचा आकार आणि लोड होण्याची पद्धत तपासावी लागेल.

फाईल येतच नसेल तर

*पत्ता चुकलेला.* सीएसएस फाईलमध्ये लिहिलेला पत्ता त्या सीएसएस फाईलच्या जागेपासून मोजला जातो, पानाच्या जागेपासून नाही. वेबसाईटची थीम बदलल्यावर किंवा फोल्डर हलवल्यावर हा बिघाड हमखास होतो. फाईलच्या नावातील लहान-मोठी रोमन अक्षरेही जुळली पाहिजेत. विंडोजवर ती चालून जातात, लिनक्स सर्व्हरवर चालत नाहीत.

*एचटीटीपी आणि एचटीटीपीएसची सरमिसळ.* पान एचटीटीपीएसवर आणि फॉन्टचा पत्ता जुन्या एचटीटीपीचा असेल, तर ब्राउझर सुरक्षेच्या कारणाने तो फॉन्ट अडवतो. पत्ता बदलला की काम होते.

*दुसऱ्या डोमेनवरचा फॉन्ट.* फॉन्ट वेगळ्या डोमेनवर असेल, तर त्या सर्व्हरने 'ॲक्सेस-कंट्रोल-अलाऊ-ओरिजिन' हा परवानगीचा हेडर पाठवणे आवश्यक असते. तो नसेल तर फाईल समोर असूनही ब्राउझर ती वापरत नाही. फोटोला हा नियम लागत नाही, फॉन्टला लागतो. म्हणून फोटो दिसतात आणि अक्षरे दिसत नाहीत.

अक्षरे तुटत असतील तर

रोमन लिपीत एका चिन्हापुढे दुसरे ठेवले की शब्द होतो. देवनागरीत तसे नसते. 'द', हलन्त आणि 'ध' मिळून 'द्ध' कसा काढायचा, वेलांटी कोठे ठेवायची, रफार कोणत्या अक्षरावर चढवायचा, हे नियम फॉन्टच्या आतील जीसब आणि जीपॉस या तक्त्यांत असतात. फाईल लहान करण्यासाठी वापरलेल्या एखाद्या ऑनलाइन साधनाने हे तक्ते काढून टाकले, की 'बुद्ध' या शब्दात 'द'चा पाय मोडलेला आणि 'ध' वेगळा दिसू लागतो. अशा वेळी मूळ फाईल घेऊन ती नव्याने लहान करावी आणि हे तक्ते तसेच ठेवावेत.

देवनागरीचा मुख्य युनिकोड पट्टा ०९०० ते ०९७एफ असा आहे. पण मराठीला एवढ्यावर भागत नाही. जोडाक्षरांवर नियंत्रण ठेवणारी दोन अदृश्य चिन्हे २००सी आणि २००डी येथे आहेत, तर रुपयाचे चिन्ह २०बी९ येथे. सीएसएसमधील 'युनिकोड-रेंज' लिहिताना ही चिन्हे गळली, तर तेवढी अक्षरे वेगळ्याच फॉन्टमधून येतात किंवा फुटतात.

'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, रुपयाचे चिन्ह २०१० साली. त्याआधीच्या फॉन्टमध्ये 'ॲड.' लिहिले तर चौकोन दिसू शकतो. अर्ध्या 'ऱ'चेही तसेच आहे. तो नीट उमटला नाही, तर 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांत फरक उरत नाही. स्वयंपाक करणाऱ्यांना दिलेली सूचना प्राध्यापकांच्या नावावर जाते.

म्हणून कोणताही फॉन्ट घेण्यापूर्वी हे शब्द त्यात टाकून पाहावेत: बुद्ध, राष्ट्र, हृदय, कर्तृत्व, दऱ्या, आचाऱ्यांना, ॲड., ऑक्टोबर, बाळ, ₹ ५००. पाली गाथा रोमन लिपीतही देत असाल, तर रेघ आणि टिंब असलेली रोमन अक्षरे तपासा. ती 'लॅटिन एक्स्टेंडेड' या वेगळ्या भागात असतात. तो भाग घेतला नाही, तर एकाच ओळीत दोन फॉन्ट दिसतात.

आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. पानाची भाषा 'एमआर' म्हणजे मराठी अशी नोंदवलेली हवी. अनेक तयार थीममध्ये ती इंग्रजीच राहते. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' या नोंदीवरूनच निवडले जातात. दुसरे, 'लेटर-स्पेसिंग' शून्य ठेवावे, कारण अक्षरांत अंतर टाकले की शिरोरेषा तुटते. तिसरे, ओळींमधील अंतर इंग्रजीपेक्षा जास्त, साधारण १.६ पट ठेवावे. नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात.

मजकूर उशिरा येत असेल तर

एका जाडीची फॉन्ट फाईल १२० केबीची आहे असे धरू. थीमने चार जाड्या मागवल्या, तर ४८० केबी झाले. सेकंदाला १ मेगाबिट वेगाच्या नेटवर नुसती अक्षरे उतरायला सुमारे चार सेकंद लागतील. ६ डिसेंबरला दादरच्या किंवा १४ एप्रिलला कोणत्याही शहरातील मिरवणुकीच्या गर्दीत नेट त्याहूनही मंद होते. नेमक्या त्याच दिवशी लोक कार्यक्रमाची वेळ आणि ठिकाण शोधत असतात.

त्यावरचे उपाय असे:

१. *जाड्या कमी करा.* मजकुराला साधी आणि शीर्षकाला ठळक, एवढ्या दोन पुरेशा आहेत.

२. *वॉफ-२ स्वरूप वापरा.* टीटीएफ फाईल जशीच्या तशी वेबसाईटवर ठेवू नये. वॉफ-२ हे वेबसाठीचे दाबलेले स्वरूप २०१८ पासून अधिकृत मानक आहे आणि आजचे सर्व प्रमुख ब्राउझर ते वाचतात.

३. *'फॉन्ट-डिस्प्ले' ठरवा.* काहीच लिहिले नसेल, तर क्रोम आणि फायरफॉक्स फॉन्टची वाट पाहत तीन सेकंदांपर्यंत मजकूर लपवून ठेवतात. 'स्वॅप' लिहिले की फोनमधील फॉन्टमध्ये मजकूर जवळपास लगेच दिसतो आणि वेब फॉन्ट आला की बदलतो. 'ऑप्शनल' लिहिले तर फॉन्ट क्षणार्धात न आल्यास त्या भेटीत फोनचाच फॉन्ट कायम राहतो. सूचना आणि बातम्यांच्या वेबसाईटला यांपैकी एक हवेच. गूगल फॉन्ट्सच्या दुव्यात 'डिस्प्ले' बरोबर 'स्वॅप' एवढे जोडले तरी पुरते.

४. *मुख्य फाईल आधी मागवा.* यासाठी 'प्रीलोड' वापरतात. त्यासोबत 'क्रॉसओरिजिन' हा शब्द लिहावाच लागतो, फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर असला तरी. तो नसेल तर तीच फाईल दोनदा उतरते. प्रीलोड एखाद-दुसऱ्या फाईललाच करावे.

५. *कॅशची मुदत वाढवा.* फॉन्ट फाईल सहसा बदलत नाही. तिला एक वर्षाची मुदत दिली, तर दुसऱ्या भेटीत वाचकाचा डेटा खर्च होत नाही.

गूगलवरून घ्यावा की स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावा?

मुक्त, बलू, हिंद, पॉपिन्स, नोटो सान्स देवनागरी, तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. ते ओपन फॉन्ट लायसन्सखाली असल्याने स्वतःच्या सर्व्हरवर ठेवण्यासही परवानगी आहे. विकतच्या फॉन्टचे तसे नाही. छपाईसाठी घेतलेला परवाना वेबसाईटला लागू होईलच असे नाही. तो वाचून घ्यावा.

लोकप्रिय फॉन्ट गूगलवरून घेतला की तो वाचकाच्या फोनमध्ये आधीच असतो, हा समज आता खरा नाही. क्रोमने २०२० पासून प्रत्येक वेबसाईटची कॅश वेगळी केली आहे. शिवाय गूगलवरून फॉन्ट मागवताना वाचकाचा आयपी पत्ता गूगलकडे जातो. याच कारणावरून जानेवारी २०२२ मध्ये जर्मनीतील म्युनिकच्या न्यायालयाने एका वेबसाईटचालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. युरोपातील बांधवांसाठी वेबसाईट चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आमचे मत असे की, सर्व्हर हाताळणारा एखादा कार्यकर्ता असेल तर फॉन्ट स्वतःकडे ठेवावा. नसेल तर गूगलचा दुवा 'स्वॅप'सह वापरावा. आणि खर्चाचा, वेगाचा फारच ताण असेल तर वेब फॉन्टच काढून टाकावा. फोनमधील देवनागरी वाचनीय असते आणि त्यासाठी एकही केबी खर्च होत नाही.

जुन्या मजकुराचे काय?

शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर आजही अनेक संस्थांकडे आहे. त्यात संगणकाने साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. फॉन्टमुळे ती फक्त मराठीसारखी दिसतात. असा फॉन्ट वेबसाईटवर जोडून पान 'दिसते' केले, तरी शोधयंत्राला त्यातला एक शब्द सापडत नाही. व्हॉट्सॲपवर कॉपी केले तर निरर्थक चिन्हे जातात. अंध वाचकाचे स्क्रीन रीडर तीच चिन्हे वाचत राहते. स्मरणिका, ठराव, परिषदांची भाषणे, नियतकालिकांचे जुने अंक एवढे लेखन आपल्याजवळ असूनही संशोधन करणाऱ्या मुलाला ते नसल्यासारखेच असते.

यावर फॉन्ट हा उपाय नाही. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे हाच उपाय आहे. ज्या फॉन्टमध्ये टाईप केले त्याचाच परिवर्तक वापरावा, मूळ फाईल जपून ठेवावी आणि एका माणसाने मुद्रितशोधन करावे. ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि अर्धा 'ऱ' येथे चुका जास्त होतात. सुरुवात चालू सूचनांपासून करावी, मग मागील अंकांकडे जावे.

शेवटची तपासणी

दुरुस्ती झाली की कार्यालयातील वायफायवर समाधान मानू नका. वस्तीतील एखाद्या विद्यार्थ्याचा जुना फोन घ्या, वायफाय बंद करा, खाजगी विंडोत पान उघडा आणि घड्याळ लावा. पहिले वाक्य किती सेकंदांत वाचता आले, ते लिहून ठेवा. महिन्यातून एकदा आणि १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन व ६ डिसेंबरच्या आठवडाभर आधी हीच तपासणी पुन्हा करा. तेव्हा दुरुस्तीला हाताशी वेळ असतो.