तेल आधी, सेल्फ नंतर

नवे बेअरिंग-शेल, नवे पिस्टन घालून बांधलेले इंजिन पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी त्याच्या तेलवाटा दाबाने भरून घ्याव्यात, म्हणजे प्राइमिंग करावे का? आपल्याकडच्या बहुतेक गॅरेजांत याचे उत्तर ठरलेले आहे: गरज नाही. हे उत्तर मला मान्य नाही.

आधी त्या बाजूचे म्हणणे पुरते मांडतो, कारण ते अडाणीपणाचे नाही. बेअरिंग बसवतानाच मिस्त्रीने त्याला तेल चोपडलेले असते. सेल्फ मारला की पाच-सहा सेकंदांत तेलाची लाइट विझते. रोज सकाळी गाडी तेलाच्या दाबाशिवायच सुरू होते. तिचे काय बिघडते? आणि सर्वांत वजनदार मुद्दा असा, की शाफ्टला उचलून धरणारा तेलाचा थर पंपाच्या दाबाने बनत नाही, तो फिरणारा शाफ्टच बनवतो.

हा शेवटचा मुद्दा शास्त्राला धरून आहे, म्हणून त्यालाच आधी हात घालतो. १८८३ साली इंग्लंडात बीचम टॉवर यांनी रेल्वेच्या आसासारख्या बेअरिंगवर प्रयोग केले. बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी भोक पाडले, तर तेल त्यातून उलट वर येऊ लागले. बूच लावले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शाफ्टच्या फिरण्यानेच हा दाब तयार होतो, याचे गणित १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी मांडले. प्रतिपक्षाचा आधार इथवर भक्कम आहे. पण टॉवर यांच्या शाफ्टची खालची बाजू तेलात बुडालेली होती, हे का विसरायचे? आपल्या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला क्रँकमधल्या भोकांतून जे पोचेल तेवढेच तेल, आणि तेही दोन्ही कडांनी सतत गळणारे. शाफ्ट दाब निर्माण करतो. तेल निर्माण करत नाही.

आता रोजच्या सकाळचा दृष्टान्त. रात्रभर उभ्या इंजिनाच्या पंपाचे गिअर ओले असतात, फिल्टर बहुधा भरलेला असतो, वाटांत तेल असते. नव्याने बांधलेल्या इंजिनात यातले काय असते? धुऊन हवेने फुंकलेल्या वाटा, रिकामा फिल्टर, कोरडा पंप. कोरडा गिअर पंप हवेलाच घुसळत बसतो. तळच्या चेंबरमधले तेल वर ओढायला गिअरांच्या फटी तेलाने बंद व्हाव्या लागतात. ही तुलनाच टिकत नाही.

पाच-सहा सेकंद म्हणजे किती? मिनिटाला ८०० फेऱ्यांनी सहा सेकंदांत ८० फेरे होतात, आणि चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर ४० वेळा पेटतो. डिझेलच्या त्या ४० घावांखाली शेल फक्त चोपडलेल्या तेलावर उभा असतो. इंजिन बांधून दोन-तीन आठवडे पडून राहिले असेल, तर त्यातलेही बरेचसे ओघळलेले असते. शिवाय लाइट विझली म्हणजे स्विचपाशी थोडा दाब आला, एवढेच कळते. टर्बो आणि रॉकर तिथून पुढे आहेत.

माझ्या डिझेल जीपचे असेच, तेलवाटा न भरता सुरू केलेले इंजिन मी थोड्याच महिन्यांत पुन्हा उघडलेले पाहिले. पंपापासून सर्वांत लांबच्या शेलवर मधोमध नखाएवढ्या रुंदीची तांबूस पट्टी होती. वरचा करडा मऊ थर, जेमतेम ०.०२ मिलिमीटरचा, तिथे पुसला गेला होता. कचऱ्याचे ओरखडे नव्हते. एका शेलवर मी सिद्धान्त उभा करत नाही, पण तो शेल मी विसरूही शकत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करतो. साध्या टॅपेटच्या इंजिनात कॅमच्या उंचवट्यांना बरेचसे तेल उडूनच मिळते. प्राइमिंगने त्यांचे भागत नाही, तिथे लावायची पेस्ट वेगळीच. पण याच नव्या कॅमसाठी इंजिन आयडलवर न ठेवता लगेच २,००० फेऱ्यांच्या आसपास न्यावे लागते. मग बेअरिंगपाशी तेल आधीच हजर नको का? जहाजांच्या मोठ्या इंजिनांत सुरू करण्याआधी तेल फिरवतात. विमानांची पिस्टन इंजिने बनवणारी लायकॉमिंग कंपनी पहिल्या स्टार्टआधी तेल भरायच्या लेखी सूचना देते. ही माणसे वेळ फुकट घालवतात, असे म्हणायचे का?

आणि खर्च तरी काय? पंप बसवताना गिअरांत व्हॅसलिन भरा. तेलाच्या स्विचच्या जागी नळी जोडून वेगळ्या टाकीतले तेल दोन-तीन बार हवेच्या दाबाने आत सोडा. टाकी नसेल तर नोझल काढून, डिझेल बंद ठेवून, सेल्फ थोडा थोडा मारा. कॉम्प्रेशनच नसल्याने बेअरिंगवर भार फारसा येत नाही. टाकी लावली असेल तर क्रँक हाताने सावकाश दोन फेरे फिरवा, कारण अनेक इंजिनांत रॉकरची वाट कॅमची भोके समोरासमोर आली तरच उघडते. झाकण काढून बघत राहा. आधी एका रॉकरच्या खाचेत तेल चमकते, मग शेजारच्या. शेवटच्या रॉकरवरून थेंब ओघळला, की झाकण लावा आणि डिझेल सोडा.