तीन साक्षी आणि एक माकड

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात मॉन्टफोर्टच्या नावाने ओळखले जाणारे एक ग्रीक हस्तलिखित आहे. पिता, शब्द आणि पवित्र आत्मा या स्वर्गातल्या तीन साक्षींचा उल्लेख करणारे वचन योहानाच्या पहिल्या पत्रात (५:७) त्यात सापडते, आणि त्याच्याच भरवशावर विद्वान इरॅस्मसने ते आपल्या ग्रीक नव्या कराराच्या १५२२च्या आवृत्तीत घेतले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या त्रैक्याच्या सिद्धान्ताला बायबलमध्ये इतका उघड आधार दुसरा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस आयर्लंडमधून इंग्लंडला आलेला, मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचा प्रचारक अॅडम क्लार्क त्रैक्य मनापासून मानणारा होता. तरीही त्याने हस्तलिखितांची मोजदाद मांडली: छपाईपूर्वीच्या ११२ ग्रीक प्रतींत हे वचन नाही, आहे ते फक्त या एका प्रतीत. सिद्धान्त खरा, पण वचन बहुधा मागाहून घातलेले, असा त्याचा निर्णय होता. क्लार्कच्या धर्मविचाराची किल्ली इथे आहे. देवाने दिलेली बुद्धी आणि देवाने दिलेले शास्त्र एकमेकांविरुद्ध साक्ष देणार नाहीत, अशी त्याची खात्री होती. म्हणून पुरावा तपासायला त्याला भीती वाटली नाही.

याच क्लार्कला पुढे लोकांनी विक्षिप्त ठरवले. १८१० ते १८२६ या काळात प्रसिद्ध झालेल्या आठ खंडांच्या बायबल-भाष्यात त्याने एदेन बागेत हव्वेला भुलवणारा साप हा साप नसून माकडाच्या जातीचा प्राणी असावा, असे लिहिले. हिब्रू ‘नाहाश’ शब्दाला त्याने ‘खनस’ या अरबी धातूशी जोडले. त्या धातूच्या परिवारात दडून राहणे, भुलवणे असे अर्थ येतात आणि माकडाला उद्देशून वापरलेला एक शब्दही. सापाला बोलता येत नाही आणि ‘पोटाने चाल’ हा शाप आधीच सरपटणाऱ्या प्राण्याला कशाला, हे प्रश्नही त्याने विचारले. थट्टा झाली, आणि ती अगदीच अस्थानी नव्हती. ध्वनिसाम्यावर बांधलेली व्युत्पत्ती कच्ची असते. पण चूक निष्कर्षात आहे म्हणून रीत वेगळी ठरत नाही. तीन साक्षींना त्याने ज्या तराजूत घातले, त्याच तराजूत सापालाही घातले.

खरा आक्षेप मेथडिस्ट धर्मपंडित रिचर्ड वॉटसनचा, आणि तो सापावर नव्हे, येशूच्या पुत्रपणाबद्दलच्या क्लार्कच्या मतावर होता. येशू देव आहे, अनादी आहे, हे क्लार्कला पूर्ण मान्य होते. पण त्याच्या मते ‘पुत्र’ ही संज्ञा देहधारणापासूनची, म्हणजे येशू माणूस म्हणून जन्मला तेव्हापासूनची, कारण लूकच्या शुभवर्तमानात (१:३५) देवदूत मरियेच्या पोटी येणाऱ्या बाळालाच देवाचा पुत्र म्हणतो. ‘अनादी’ आणि ‘पुत्र’ हे शब्द त्याला एकत्र नांदवता येईनात. वॉटसनने १८१८मध्ये उत्तर दिले: प्रकट झालेल्या सत्यावर माणसाच्या तर्काला न्यायाधीश नेमायचे का? मेथडिस्ट पंथाने पुढे वॉटसनचीच बाजू धरली. या जागी वॉटसनचे म्हणणे वजनदार आहे. लूकचे वचन येशूला पुत्र का म्हणावे ते सांगते, त्याआधी तो पुत्र नव्हता असे सांगत नाही. वचन आणि निष्कर्ष यांमधली दरी क्लार्कने वचनाच्या शब्दांनी नव्हे, तर्काने बुजवली. बापाआधी मुलगा नसतो, हा माणसांच्या घरातला नियम त्याने देवाला लावला.

मात्र यावरून बुद्धीलाच शास्त्राच्या दारातून हाकलावे, हे सिद्ध होत नाही. वॉटसननेही वचनांचा अन्वय लावूनच क्लार्कला खोडले. म्हणजे वाद बुद्धी वापरावी की नाही हा नव्हता, ती कुठे थांबवावी हा होता. क्लार्क तीनदा मेथडिस्ट कॉन्फरन्सचा अध्यक्ष झाला, १८३२मध्ये पटकीने वारला, आणि त्याचे भाष्य पुढेही प्रचारकांच्या हाती राहिले. सापाच्या बाबतीत, जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरकारांनी ‘नाहाश’ला साप म्हटले आणि नव्या करारानेही तेच घेतले, ही अडचण त्याने स्वतःच मांडली आहे. ज्याला त्याचे माकड पटत नाही, त्याला ते खोडून काढायचे साहित्य त्याच भाष्यात मिळते.